आपल्या मापाची सायकल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला 'माझा छंद' या विषयावर बोलायला सांगितलं. मी म्हटलं, सायकलवर बोलते. ते म्हणाले, सायकलवर पंधरा मिनिटं काय बोलणार? मी म्हटलं, अख्ख्या सायकलवर नाही, नुसत्या फ्रेमवर बोलणार आहे. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा काळजीनं बघतायत.

पण विषय मी मुद्दाम घेतलाय. आज चहानंतर आपल्या बॅचला एक ठराव करायचा आहे. शाळेतल्या मुलींना सायकली द्यायच्या, त्यासाठी आपण पैसे जमवलेत, आणि कोणत्या सायकली घ्यायच्या ते ठरवायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. त्याविषयी शेवटी बोलते. आधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून जळगावला परत आले. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती. दिवसभर खुर्ची आणि पडदा. शरीर कुरकुरायला लागलं, तेव्हा सायकल घ्यायचं ठरवलं. तिच्याकडून दोन कामं हवी होती. एक, रोजचं: भाजी, बँक, मेहरूण तलावापर्यंत चक्कर. दुसरं, जरा मोठं: कधीतरी जळगावहून धुळ्याला, आई-बाबांकडे, सायकलनं यायचं. महामार्गानं पाळधी, एरंडोल, पारोळा करत आलं तर साधारण ९० किलोमीटर. पण त्या रस्त्यावर ट्रकच्या शेजारून सायकल चालवायची माझी हिंमत नाही. म्हणून पाळधीहून आत वळायचं आणि धरणगाव, अमळनेर करत यायचं. थोडं लांब पडतं. वाटेत कुठे चांगलं डांबर, कुठे उखडलेलं, कुठे मुरूम. मध्ये सोयीचं वाटलं तर शिवाररस्ता किंवा पाटाच्या कडेची वाट.

अशा दुहेरी कामाच्या सायकलीला हल्ली ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर रुंद, ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. डांबरावरही पळते आणि खडीवरही घसरत नाही. मी ठरवलं की एकेक भाग निवडून अशी सायकल आपणच जोडायची. इंजिनीअरिंगची डिग्री काही तरी उपयोगाला यायला हवी ना!

सायकल जोडताना सगळ्यात आधी फ्रेम निवडावी लागते. कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं. सीट टोचली तर बदला, टायर अरुंद वाटला तर बदला, हँडल लांब वाटलं तर त्याचा स्टेम बदला. फ्रेम बदलली की सायकलच बदलली. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही मी फ्रेम कशी निवडली? सवलत बघून.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम निम्म्या किमतीत मिळत होती. साइज ५४. माझी उंची ५ फूट १ इंच. विक्रेता म्हणाला, "मॅडम, सीट खाली घेऊ, होऊन जाईल." मीही म्हटलं, होऊन जाईल. आपल्या लहानपणी सगळ्या सायकली अशाच तर 'होऊन जायच्या'!

दोन महिन्यांत मान धरली. हँडल इतकं लांब होतं की अर्ध्या तासानं खांदे कानाला टेकायचे. आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगितली नव्हती. हळू वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. बांभोरीच्या गिरणा पुलाच्या अलीकडे एकदा खड्डा चुकवायला मी हँडल वळवलं, पाऊल चाकात अडकलं आणि मी आडवी. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून आज मी तुमच्यासमोर उभी आहे. मनगट मोडलं. सहा आठवडे डाव्या हातानं कोड लिहिला. चुका नेहमीपेक्षा जास्त झाल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

प्लास्टर असताना वेळच वेळ होता. तेव्हा मी जो अभ्यास आधी करायला हवा होता, तो केला. त्यातला कामाचा भाग सांगते.

आधी धातू. सायकलीची फ्रेम पोलादाची, अ‍ॅल्युमिनियमची, नाहीतर कार्बनची. पुण्यात निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी तर बांबूची फ्रेम करून सायकल घडवली आणि तिचं नावच 'बांबूची' ठेवलं. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट जड, आणि साधारण तिप्पट ताठही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. व्यास वाढला की ताठपणा भराभर वाढतो आणि वजन तरी कमीच राहतं. पोलादाचा गुण वेगळा. एका मर्यादेखालचे हिसके त्याला कितीही बसले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान हिसकेसुद्धा कुठेतरी जमा होत राहतात. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वाईट असं नाही. चांगली केलेली फ्रेम वर्षानुवर्षं टिकते. पण मोडलीच तर वेल्डिंगनंतर तिला पुन्हा उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते, ती सोय आपल्याकडे कुठे शोधणार? कार्बन सगळ्यात हलकं, पण दगड लागून आत तडा गेला तर वरून दिसेलच असं नाही. पोलाद जोडता येतं. त्यातही सावध राहावं लागतं. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. त्याची नळी मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्याकडे नेली तर तो तिला भोकच पाडेल. पितळ वितळवून सांधणारा जुना कारागीर गाठावा लागतो.

लोक म्हणतात, पोलादाची सायकल मऊ चालते. त्यात तथ्य थोडं आहे. चौकोनी पतंगासारखी ही फ्रेम उभ्या दिशेनं जवळजवळ दबतच नाही, मग ती कशाचीही असो. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला रोव्हर सायकल आणली, तिच्यापासून हा आकार रुळत गेला. सायकल मऊ चालते ती टायरमुळे. टायर रुंद असेल तर त्यात हवा कमी ठेवता येते. मी ३० पौंडांच्या आसपास ठेवते आणि मुरमावरही हात बधिर होत नाहीत.

म्हणून दुसरा प्रश्न: फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो? आपल्याकडे याचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. काळ्या मातीतून एकदा सायकल काढून बघा. टायरवर गिलावा चढतो, मग तो फ्रेमच्या आणि मडगार्डच्या फटीत भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. काडीनं उकरत बसायचं. फट जितकी मोठी तितकं थोडं पुढे जाता येतं. अगदी भिजलेल्या कपाशीच्या शेतातून जगातली कुठलीही सायकल जात नाही, तिथे ती खांद्यावरच घ्यावी लागते. त्या वेळी फ्रेम हलकी असण्याचं महत्त्व कळतं! आणि बाभळीचे काटे, सराटे यांना फ्रेमचा इलाज नाही. त्यासाठी ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारं द्रावण भरायचं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून अधूनमधून पुन्हा भरायचं.

तिसरी गोष्ट, भोकं. हसू नका. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ आणि सीटच्या खाली फ्रेमला आटे पाडलेली भोकं असतील तरच कॅरिअर आणि मडगार्ड नीट बसतं. माझ्या त्या सवलतीच्या फ्रेमला ती नव्हती. म्हणजे भाजीची पिशवी हँडलला लटकवायची. पायडलच्या मधला एक्सल जिथे बसतो तिथेही आटेच हवेत. काही नव्या फ्रेममध्ये तिथलं बेअरिंग नुसतं दाबून बसवतात. ते कुरकुरायला लागलं की वेगळं हत्यार लागतं. आट्याचं असेल तर ते काढायचं हत्यार बहुतेक चांगल्या कारागिराकडे असतं.

आणि शेवटची, पण खरं तर पहिली गोष्ट, माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. दोन्ही मांड्यांमध्ये एक वही, तिचा कणा वर करून घट्ट धरायची आणि जमिनीपासून त्या कण्यापर्यंत मोजायचं. माझं माप ७१ सेंटिमीटर आलं. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरची दांडी यापेक्षा दोन-चार सेंटिमीटर खाली राहायला हवी. त्या ५४च्या फ्रेमची दांडी माझ्या मापापेक्षा वर होती! मी दर सिग्नलला एका पायावर, सायकल तिरकी करून उभी राहायचे आणि ते मला इतकं सवयीचं होतं की त्यात चूक आहे हे जाणवलंच नाही.

सवय कुठून आली हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण कुठल्या सायकलीवर शिकलो? वडिलांच्या, भावाच्या, नाहीतर तासाच्या भाड्यानं आणलेल्या. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून, मग कधीतरी सीटवर. पहिल्या रांगेत माझी एक मैत्रीण बसली आहे, तिचं नाव घेत नाही. ती आठवीपासून रोज सहा किलोमीटरवरून भावाच्या दांडीच्या सायकलीवर यायची. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून उभ्यानंच. थांबायचं असेल तर उडी मारायची. तिच्या गुडघ्यांवरचे खरचटे आपण वर्षभर बघितले आणि तिला 'झाशीची राणी' म्हणालो. तिच्या गावातल्या बाकीच्या मुली सातवीनंतर आल्याच नाहीत, हे आपल्यापैकी कोणी मोजलं नाही.

बरं, प्लास्टर निघाल्यावर मी धुळ्याला आले. बाबांची काळी अ‍ॅटलस मागच्या पडवीत उभी होती. तिच्याकडे बघता बघता डोक्यात विचार आला. मी टेप काढला. तिच्या टायरवर लिहिलं होतं २८ गुणिले दीड. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर! हँडलच्या नळीचा कोन ६८ अंशांच्या आसपास, दोन चाकांतलं अंतर साडेअकराशे मिलिमीटरजवळ. पोलादी फ्रेम, कॅरिअर, पुरी मडगार्डं, चेनला कव्हर. परदेशात आज जिला नवी म्हणून विकतात, ती सायकल बाबा खेड्यांतल्या मुरमाच्या रस्त्यांवर नोकरीभर चालवत होते! मला भरून आलं. ठरवलं, याच फ्रेमवर सायकल जोडायची. बाबांचीच सायकल, नवी करून.

फ्रेम घेऊन पाचव्या गल्लीतल्या कारागिराकडे गेले. त्यानं फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हाई तुमले मोठी व्हई." मग एकेक अडचण दाखवली. मागे गिअरचं चाक बसेल एवढी रुंदी नाही. ब्रेक सळईचे, ते रिमला आतल्या बाजूनं लागतात, म्हणजे नव्या रिमला चालणार नाहीत. क्रँक कॉटरची. आणि फ्रेम २४ इंची. मी म्हटलं, सीट खाली घेऊ. तो हसला. "ताई, दांडी कशी खाले लेशात?"

सीट खाली घेता येते, दांडी घेता येत नाही. मी एवढे महिने वाचून जे शिकले, ते त्यानं एका वाक्यात विचारलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, तुमच्या सायकलीवर माझी सायकल होणार नाही. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. बाबा म्हणाले, "अगं, ती मलाही मोठीच होती." मी बघतच राहिले. "दुकानात २४ इंची एकच शिल्लक होती. २२ इंचीसाठी थांबायला सांगत होते, आणि मला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. घेतली. उतरायचं असलं की मी आधी रस्त्याकडेला धोंडा शोधायचो, त्यावर पाय टेकायचो. कुठल्या गावात कुठे धोंडा आहे, पाठ होतं मला."

मी लहानपणी त्यांच्यापुढे दांडीवर बसून फिरले आहे. ते दर वेळी त्याच पारापाशी, त्याच मैलाच्या दगडापाशी का थांबायचे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. मला वाटायचं, तिथे त्यांची ओळखीची माणसं असतात.

नंतर मी घेतली ती फ्रेम क्रोमोलीची, सगळ्यात लहान मापाची. नुसती फ्रेम आपल्याकडे सहजी मिळत नाही, वाट बघावी लागली. तिला मी मुद्दाम थोडी लहान चाकं बसवली, ५८४ मिलिमीटर रिमची. लहान फ्रेममध्ये नेहमीचं ६२२चं चाक घातलं तर पाऊल पुन्हा चाकाला लागतं, आणि त्याची किंमत मी मनगटानं मोजली होती. कारागीर म्हणाला, "याना टायर कोठे भेटी?" बरोबर विचारलं. खान्देशात नाही मिळत. दोन टायर मी कपाटात ठेवलेत, साड्यांच्या खाली. माप बरोबर घ्यायचं तर दुसरीकडे काहीतरी गैरसोय पत्करावी लागते. तिची तयारी करता येते, मान धरली तर तयारी करता येत नाही.

गेल्या जानेवारीत मी त्या सायकलीवर जळगावहून धुळ्याला आले. पहाटे पाचला निघाले, अमळनेरला भरपूर नाश्ता केला, दुपारी दोनला दारात. बाबांनी सायकलभोवती एक फेरी मारली, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाले, "कॅरिअर आहे, बरं केलंस." मी दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभी राहून दाखवलं. ते त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

आता ठरावाकडे येते.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि फरक मुख्यतः त्या गावांत पडला होता जिथून शाळा तीन किलोमीटरहून लांब होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. त्यात न बसणाऱ्या, लांबून येणाऱ्या मुलींसाठी आपण पैसे जमवले आहेत. म्हणजे सायकल दिल्यानं काही होतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणती द्यायची, एवढाच आहे.

मी मागच्या महिन्यात तुम्हाला ग्रुपवर एक कोटेशन पाठवलं होतं. २० सायकली, सगळ्या एकसारख्या, जाड टायर, पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, झगझगीत रंग. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. ते कोटेशन मी मागे घेते. एकगठ्ठा घेतल्या तर स्वस्त पडतात, म्हणून मी ते घेतलं होतं. पुन्हा सवलत बघून! त्या किमतीतला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे नुसतं वजन असतं. तो दोन पावसाळ्यांत गंजून आखडेल, आणि त्या सायकलींना ना कॅरिअर आहे ना मडगार्ड. दप्तर कुठे ठेवायचं?

माझी सूचना अशी. साधी पोलादी फ्रेम, दांडी खाली उतरलेली, म्हणजे पंजाबी ड्रेसवरही चढता-उतरता येईल. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नको, गिअर नकोत. कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड हवं. टायर असा की ज्याची ट्यूब मुलीच्या गावातल्या दुकानात मिळेल. आणि दोन मापं: काही २६ इंची चाकाच्या, काही २४ इंची. कोणाला कुठली, हे मोजून ठरवायचं. २० ऐवजी १९ घेऊ, आणि एकीच्या पैशात शाळेत एक मोठा पंप, पाने आणि पंक्चरचं सामान ठेवू.

कोणीतरी म्हणेल, मुली वाढतील, मोठीच घ्या. आपल्या सगळ्यांचे गणवेश असेच शिवले होते ना, दोन बोटं जास्त ठेवून? गणवेश ढगळ असला तरी त्यात पडून मनगट मोडत नाही. आणि मुलगी वाढली तर लहान सायकल शाळेकडे परत येईल, पुढच्या मुलीला जाईल.

मुख्याध्यापक बाईंची परवानगी मी घेतली आहे. ज्या मुलींची नावं यादीत आहेत, त्या आज शाळेत आल्या आहेत, आठवी 'ब'च्या वर्गात बसल्या आहेत. टेप आणि वही माझ्या पिशवीत आहे. चहा झाल्यावर ज्यांना वेळ आहे त्यांनी वर्गात या. एकानं लिहून घ्यायचं, एकीनं मोजायचं. पहिल्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीनं मोजायचं काम आधीच मागून घेतलंय.